उभयधर्मी संयुगे कशी ओळखावीत

‘पुढीलपैकी उभयधर्मी संयुगे ओळखा’ असा प्रश्न समोर आला की बहुतेक विद्यार्थी पाठ केलेली यादी आठवू लागतात : झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनिअम ऑक्साइड, पाणी, बायकार्बोनेट. या यादीत चूक काही नाही. अडचण एवढीच की तिच्याबाहेरचे एखादे संयुग विचारले गेले की ती हात टेकते. शिवाय पाठांतराच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. उभयधर्मीपणा दोन वेगवेगळ्या अभिक्रियांतून सिद्ध करावा लागतो, आणि त्या दोन्ही अभिक्रिया खरोखर आम्ल-आम्लारी स्वरूपाच्या असाव्या लागतात. एवढे ध्यानात ठेवून पुढील पद्धतीने विचार केल्यास अनोळखी संयुगाबद्दलही बहुधा बरोबर निष्कर्ष काढता येतो.

व्याख्या आणि तिच्या दोन अटी

जे संयुग आम्लाबरोबर आम्लारीसारखे वागते आणि आम्लारीबरोबर आम्लासारखे वागते, ते उभयधर्मी होय. मॅग्नेशिअम ऑक्साइड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळून मॅग्नेशिअम क्लोराइड आणि पाणी देते, म्हणजे पहिली अट पुरी होते. परंतु सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाशी त्याची अभिक्रिया होत नाही, म्हणून ते केवळ आम्लारीधर्मी ठरते. सल्फर ट्रायऑक्साइडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. झिंक ऑक्साइड मात्र दोन्हीकडे प्रतिसाद देते : आम्लाबरोबर झिंकचा क्षार तयार होतो आणि अल्काबरोबर (म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीबरोबर) झिंकेट. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड यांसारखी ऑक्साइडे सामान्य परिस्थितीत आम्लाशीही अभिक्रिया करत नाहीत आणि अल्काशीही नाही. त्यांना उदासीन ऑक्साइडे म्हणतात. ‘दोन्हीपैकी काहीच नाही’ आणि ‘दोन्ही आहे’ यांची गल्लत उत्तरपत्रिकांत सर्रास आढळते, म्हणून हा भेद आरंभीच स्पष्ट करून घेतलेला बरा.

लिटमसच्या रंगावरून उभयधर्मीपणा ठरवता येत नाही. सोडिअम बायकार्बोनेटचे द्रावण तांबड्या लिटमसला निळसर करते, सोडिअम डायहायड्रोजन फॉस्फेटचे द्रावण निळ्या लिटमसला तांबडे करते, आणि झिंक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने लिटमसवर त्याचा काही परिणाम दिसत नाही. तरीही तिन्ही उभयधर्मीच आहेत. दर्शक केवळ त्या द्रावणाचा सामू कोणत्या बाजूला झुकला आहे ते सांगतो. संयुगात कोणकोणत्या क्षमता आहेत, हे त्याच्याकडून कळत नाही.

आधी गट ओळखावा

प्रारंभिक अभ्यासक्रमात भेटणारी उभयधर्मी संयुगे ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिल्या गटातील रेणू किंवा आयन प्रोटॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) देऊही शकतात आणि घेऊही शकतात; पाणी, बायकार्बोनेट आयन आणि अमिनो आम्ले ही त्यांची उदाहरणे. दुसऱ्या गटात काही धातूंची व धातुसदृशांची ऑक्साइडे आणि हायड्रॉक्साइडे येतात. पहिल्या गटाला ॲम्फिप्रोटिक असे वेगळे नाव आहे. प्रत्येक ॲम्फिप्रोटिक पदार्थ उभयधर्मी असतो, परंतु प्रत्येक उभयधर्मी पदार्थ ॲम्फिप्रोटिक नसतो, कारण ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये देण्यासाठी प्रोटॉनच नाही. समोरच्या संयुगात सुटू शकेल असा हायड्रोजन दिसत असेल तर पहिल्या गटाची कसोटी लावावी. धातूचे ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड असेल तर थेट दुसऱ्या गटाकडे जावे.

पहिला गट : प्रोटॉन देणारे आणि घेणारे

१९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोघांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या व्याख्येनुसार प्रोटॉन देणारे ते आम्ल आणि प्रोटॉन घेणारी ती आम्लारी. या व्याख्येच्या आधारे संयुगाला दोन प्रश्न विचारावयाचे. त्याच्याकडे सहज सुटू शकेल असा हायड्रोजन आहे का? आणि बाहेरून येणारा प्रोटॉन ज्यावर बसू शकेल अशी एकाकी इलेक्ट्रॉन जोडी त्याच्याकडे मोकळी आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना सूत्रात हायड्रोजन आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या अणूला जोडलेला आहे हे पाहावे लागते. ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन बहुधा सुटू शकतो, कार्बनला किंवा फॉस्फरसला जोडलेला हायड्रोजन पाण्यातील द्रावणात सहसा सुटत नाही. ॲसिटेट आयनात तीन हायड्रोजन आहेत, पण तिन्ही कार्बनला जोडलेले आहेत. म्हणून ॲसिटेट प्रोटॉन घेऊ शकतो, देऊ शकत नाही, आणि उभयधर्मी ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नात अमोनिअम आयन नापास होतो. त्याच्याकडे देण्यासाठी प्रोटॉन आहे, परंतु नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी आधीच बंधात गुंतलेली असल्याने आणखी एक प्रोटॉन स्वीकारण्यास जागा उरलेली नाही. तो केवळ आम्ल आहे.

दोन्ही प्रश्नांना होकार मिळतो तेव्हा काय घडते, हे बायकार्बोनेट आयनाच्या उदाहरणात स्वच्छ दिसते :

बायकार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कार्बन डायऑक्साइड + पाणी + क्लोराइड

बायकार्बोनेट + हायड्रॉक्साइड → कार्बोनेट + पाणी

पहिल्या अभिक्रियेत त्याने प्रोटॉन घेतला (त्यातून झालेले कार्बोनिक आम्ल लगेच विघटित होते), दुसरीत दिला.

या गटातील सर्वांत उपयोगी युक्ती अशी, की एकापेक्षा अधिक प्रोटॉन देणारे आम्ल घ्यावे आणि त्याचे प्रोटॉन एकेक करून काढत साखळी लिहावी. साखळीचे पहिले टोक म्हणजे मूळ आम्ल आणि शेवटचे टोक म्हणजे सारे प्रोटॉन गमावलेला आयन. या दोन टोकांच्या मधले सगळे आयन उभयधर्मी. कार्बोनिक आम्लाच्या साखळीत मधला एकच आहे, बायकार्बोनेट. फॉस्फोरिक आम्लाच्या साखळीत दोन आहेत, डायहायड्रोजन फॉस्फेट आणि मोनोहायड्रोजन फॉस्फेट. ॲसिटिक आम्ल एकच प्रोटॉन देते, त्यामुळे तेथे मधले असे काही उरतच नाही. सल्फ्युरस आम्लापासून मिळणारा बायसल्फाइट आणि हायड्रोजन सल्फाइडपासून मिळणारा हायड्रोसल्फाइड आयन याच पद्धतीने सापडतात.

साखळी लिहिताना दोन ठिकाणी सावध राहावे. फॉस्फरस आम्लाच्या सूत्रात तीन हायड्रोजन दिसतात, परंतु त्यांपैकी एक थेट फॉस्फरसला जोडलेला असतो आणि तो सुटत नाही. ते आम्ल दोनच प्रोटॉन देते. त्यामुळे पहिला प्रोटॉन गेल्यावर मिळणारा आयन उभयधर्मी आहे, दुसरा गेल्यावर मिळणारा नाही, जरी त्याच्या सूत्रात अजून एक हायड्रोजन दिसत असला तरी. हायपोफॉस्फरस आम्लात तर दोन हायड्रोजन फॉस्फरसला जोडलेले असतात, ते एकच प्रोटॉन देते, आणि म्हणून त्याचा ऋणायन या यादीत येत नाही. सूत्र पाहून झटपट निर्णय घेणाऱ्याला गाठण्यासाठी परीक्षक हे आयन मुद्दाम निवडतात.

दुसरे ठिकाण बायसल्फेट आयनाचे. साखळीच्या नियमाने तो उभयधर्मी ठरतो आणि अनेक पाठ्यपुस्तकांच्या यादीतही असतो. परंतु सल्फ्युरिक आम्ल पहिल्या प्रोटॉनच्या बाबतीत तीव्र आम्ल आहे. याचाच अर्थ बायसल्फेट पाण्यातून प्रोटॉन घेण्यास अत्यंत दुबळा आहे. पाण्यातील द्रावणात तो व्यवहारतः आम्लासारखाच वागतो. प्रश्न केवळ रचनेच्या दृष्टीने विचारला असेल तर त्याला उभयधर्मी म्हणावे, मात्र प्रत्यक्ष वर्तनाबद्दल लिहावयाचे असेल तर हा अपवाद नोंदवावा, असे माझे मत आहे. अमोनियाचेही काहीसे असेच आहे. तत्त्वतः तो प्रोटॉन देऊन अमाइड आयन बनवू शकतो आणि द्रवरूप अमोनियात तसे घडतेही, परंतु पाण्यात त्याचे आम्लपण कधी प्रकट होत नाही; म्हणून प्रारंभिक अभ्यासात त्याला आम्लारीच समजतात.

पाणी हे या गटातील सर्वांत परिचित उदाहरण. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात गेल्यावर पाणी प्रोटॉन घेते, अमोनिया गेल्यावर देते, आणि दुसरे कोणी नसले तरी एक रेणू दुसऱ्याला प्रोटॉन देतच असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो तो या देवाणघेवाणीमुळेच.

अमिनो आम्लांबाबत विद्यार्थ्यांची एक ठरावीक उलटापालट होते. ग्लायसिनमध्ये कार्बोक्झिलिक आम्लाचा गट आणि अमिनो गट असे दोन्ही असल्याने पहिला प्रोटॉन देतो आणि दुसरा घेतो, असे उत्तर लिहिले जाते. प्रत्यक्षात पाण्यात ग्लायसिन मुख्यतः उभयआयनाच्या रूपात असते. कार्बोक्झिलिक गटाने आपला प्रोटॉन आधीच दिलेला असतो आणि अमिनो गटाने तो घेतलेला असतो. त्यामुळे आम्ल मिसळल्यास प्रोटॉन घेतो तो कार्बोक्झिलेट गट, आणि अल्क मिसळल्यास प्रोटॉन देतो तो अमोनिअम गट. उभयधर्मी असल्याचा निष्कर्ष दोन्ही वाटांनी एकच निघतो, पण कारणमीमांसेचे गुण दुसऱ्या वाटेलाच मिळावयास हवेत.

उभयधर्मी आयनाचे पाण्यातील द्रावण आम्लधर्मी असेल की आम्लारीधर्मी, हा पुढचा प्रश्न अनेकदा जोडून येतो. त्यासाठी प्रोटॉन देण्याची आणि घेण्याची ताकद यांची तुलना करावी लागते. साखळीतील आयनाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पायरीचे पीकेए (प्रोटॉन किती सहज सुटतो ते दाखवणारा अंक; तो जितका लहान तितके आम्ल तीव्र) घेऊन त्यांची सरासरी काढली, तर फार विरल नसलेल्या द्रावणाचा सामू जवळपास तेवढाच येतो. कार्बोनिक आम्लाचे पीकेए सुमारे ६.३५ आणि १०.३३ आहेत, सरासरी ८.३४ येते, म्हणून बायकार्बोनेटचे द्रावण किंचित आम्लारीधर्मी. फॉस्फोरिक आम्लाचे पीकेए सुमारे २.१५, ७.२० आणि १२.३५ आहेत. डायहायड्रोजन फॉस्फेटसाठी पहिल्या दोहोंची सरासरी ४.६८, मोनोहायड्रोजन फॉस्फेटसाठी नंतरच्या दोहोंची ९.७८. एकाच आम्लापासून निघालेले दोन्ही आयन उभयधर्मी, तरी एक आम्लाकडे झुकलेला आणि दुसरा आम्लारीकडे.

दुसरा गट : ऑक्साइडे आणि हायड्रॉक्साइडे

येथे प्रोटॉनचे प्रश्न बाजूला ठेवून धातूकडे पाहावे. धातू, ऑक्सिजन आणि हायड्रोजन अशा क्रमाने जोडलेली साखळी डोळ्यांसमोर आणल्यास कारण समजणे सोपे जाते. धातूचा आयन मोठा आणि कमी प्रभाराचा असेल, उदाहरणार्थ सोडिअम, तर धातू आणि ऑक्सिजन यांमधील बंध तुटून हायड्रॉक्साइड मोकळा होतो व संयुग आम्लारीधर्मी ठरते. मध्यवर्ती अणू लहान आणि उच्च ऑक्सिडीकरण अवस्थेतील (संयुगात त्याने गमावले असे मानलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या मोठी) असेल, उदाहरणार्थ सल्फर, तर तो ऑक्सिजनकडील इलेक्ट्रॉन स्वतःकडे इतके ओढतो की ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांमधील बंध तुटतो व संयुग आम्लधर्मी होते. या दोन टोकांच्या मधे जे पडतात त्यांच्या बाबतीत परिस्थितीनुसार कोणताही बंध तुटू शकतो. ॲल्युमिनिअम ऑक्साइडमध्ये हायड्रोजन नसतानाही ते अल्काबरोबर आम्लासारखे कसे वागते, याचे उत्तर लुईस यांच्या व्याख्येत मिळते : ॲल्युमिनिअमचा आयन हायड्रॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन जोडी स्वीकारतो, आणि इलेक्ट्रॉन जोडी स्वीकारणारे तेही आम्लच.

आवर्तसारणीत हे संक्रमण प्रत्यक्ष पाहता येते. तिसऱ्या आवर्तात सोडिअम आणि मॅग्नेशिअमची ऑक्साइडे आम्लारीधर्मी, ॲल्युमिनिअमचे उभयधर्मी आणि सिलिकॉनपासून क्लोरीनपर्यंतची आम्लधर्मी. गणात वरून खाली जाताना दिशा उलटी होते. दुसऱ्या गणात बेरिलिअम ऑक्साइड उभयधर्मी आहे आणि त्याखालची सारी आम्लारीधर्मी. पंधराव्या गणातील त्रिसंयुजी ऑक्साइडांत नायट्रोजन व फॉस्फरसची आम्लधर्मी, आर्सेनिक व अँटिमनीची उभयधर्मी आणि बिस्मथचे आम्लारीधर्मी. आवर्तात उजवीकडे सरकताना आम्लधर्म वाढतो आणि गणात खाली उतरताना कमी होतो, म्हणून उभयधर्मी ऑक्साइडे साधारणपणे बेरिलिअम, ॲल्युमिनिअम अशी तिरकी खाली उतरत जातात. झिंकचे स्थान मात्र या तिरक्या रेषेवरून सुचत नाही. झिंक, कथील, शिसे, गॅलिअम आणि त्रिसंयुजी क्रोमिअम ही नावे स्मरणात ठेवावीच लागतात. एवढ्यापुरते पाठांतर क्षम्य आहे.

एकाच धातूची अनेक ऑक्साइडे असतील तर धातूचे नाव पुरेसे नसते, ऑक्सिडीकरण अवस्था काढावीच लागते. क्रोमिअमच्या अधिक दोन अवस्थेतील ऑक्साइड आम्लारीधर्मी, अधिक तीन अवस्थेतील उभयधर्मी आणि अधिक सहा अवस्थेतील आम्लधर्मी आहे. मँगनीजमध्येही अधिक दोनचे आम्लारीधर्मी तर अधिक सातचे आम्लधर्मी. ‘क्रोमिअम ऑक्साइड उभयधर्मी आहे’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे.

परीक्षानळीतील पडताळणी

ॲल्युमिनिअम किंवा झिंक सल्फेटच्या द्रावणात विरल सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालावे. पांढरा, जिलेटिनसारखा अवक्षेप तयार झाला की थांबावे आणि तो ढवळून तीन परीक्षानळ्यांत सारखा वाटावा. पहिलीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत आणखी सोडिअम हायड्रॉक्साइड आणि तिसरीत तेवढेच पाणी घालावे. पहिल्या दोन नळ्या स्वच्छ झाल्या आणि तिसरी गढूळ राहिली, तर अवक्षेप उभयधर्मी आहे. तिसरी नळी पुष्कळदा वगळली जाते, परंतु द्रव वाढल्यामुळे अवक्षेप विरघळला नाही हे तिच्याशिवाय सांगता येत नाही. हाच प्रयोग मॅग्नेशिअम सल्फेटवर करून पाहावा. त्याचा अवक्षेप आम्लात विरघळतो, अल्क कितीही घातले तरी तसाच राहतो. दुसऱ्या नळीतील स्वच्छ द्रावणात सावकाश आम्ल घालत गेल्यास अवक्षेप आधी परत येतो आणि नंतर पुन्हा नाहीसा होतो. पडताळणी यापेक्षा देखणी होऊ शकत नाही. सोडिअम हायड्रॉक्साइड डोळ्यांना गंभीर इजा करू शकते, म्हणून संरक्षक चष्मा घालूनच हे काम करावे.

अल्क म्हणून येथे अमोनिया वापरू नये. झिंक हायड्रॉक्साइड जादा अमोनियात विरघळते, पण ते अमोनियाशी जटिल आयन (धातूच्या आयनाला अमोनियाचे रेणू जोडले जाऊन होणारा आयन) बनवून. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड उभयधर्मी असूनही जादा अमोनियात विरघळत नाही. म्हणजे अमोनियाची परीक्षा दोन्ही बाजूंनी फसवते. अवक्षेप ताजा असावा, कारण उच्च तापमानाला तापवलेले ॲल्युमिनिअम ऑक्साइड आम्लालाही फारसे दाद देत नाही आणि त्यावरून ते आम्लारी नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. शिशाच्या संयुगांसाठी हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल चालत नाही, कारण शिशाचे क्लोराइड आणि सल्फेट स्वतःच अवक्षेपित होतात. तेथे विरल नायट्रिक आम्ल लागते. शिशाची संयुगे विषारी असल्याने हा भाग शाळेत कागदावरच करावा हे उत्तम.

या गुणधर्माचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग म्हणजे कार्ल जोसेफ बायर यांनी १८८८ च्या सुमारास विकसित केलेली प्रक्रिया. बॉक्साइट हे ॲल्युमिनिअमचे धातुक सोडिअम हायड्रॉक्साइडच्या उष्ण द्रावणात दाबाखाली तापवले असता त्यातील ॲल्युमिनिअमची संयुगे विरघळून ॲल्युमिनेट होते, आणि लोहाचे ऑक्साइड तळाशी तांबड्या गाळात राहते. लोह ऑक्साइडही तितकेच उभयधर्मी असते तर हे विलगीकरण साधलेच नसते.

विरघळले म्हणजे सिद्ध झाले असे नाही

मँगनीज डायऑक्साइड संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवले असता अभिक्रिया होते, पण क्लोरीन वायू बाहेर पडतो. मँगनीजची ऑक्सिडीकरण अवस्था चारवरून दोनवर आली आहे. ही रेडॉक्स (ऑक्सिडीकरण व क्षपण एकत्र घडणारी) अभिक्रिया आहे, तिला आम्लारीपणाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. लेड डायऑक्साइडही असाच क्लोरीन देते. ॲल्युमिनिअम धातू आम्लात आणि अल्कात, दोन्हीकडे हायड्रोजन सोडत विरघळतो. काही पुस्तके त्याला उभयधर्मी धातू म्हणतात, परंतु तेथेही धातूचे ऑक्सिडीकरण होत असते, आणि काटेकोर अर्थाने उभयधर्मी आहे ते त्याचे ऑक्साइड. सिलिका हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळते म्हणून तिला आम्लारी मानण्याची चूकही होते. सिलिका इतर सामान्य आम्लांना दाद देत नाही आणि उष्ण संहत अल्काशी मात्र सिलिकेट बनवते; हायड्रोफ्लुओरिक आम्लाशी होणारी अभिक्रिया सिलिकॉन आणि फ्लोरीन यांच्या विशेष बलवान बंधामुळे घडते. अशा प्रसंगी अभिक्रियेच्या आधी आणि नंतर प्रत्येक मूलद्रव्याची ऑक्सिडीकरण अवस्था लिहून पाहावी. ती बदलली असेल, तर ती अभिक्रिया पुराव्यातून वगळावी.

उत्तर लिहिताना दोन समीकरणे द्यावीत, एक आम्लाबरोबरचे आणि एक अल्काबरोबरचे :

झिंक ऑक्साइड + हायड्रोक्लोरिक आम्ल → झिंक क्लोराइड + पाणी

झिंक ऑक्साइड + सोडिअम हायड्रॉक्साइड + पाणी → सोडिअम टेट्राहायड्रॉक्सोझिंकेट

जुन्या पुस्तकांत दुसऱ्या समीकरणात सोडिअम झिंकेट आणि पाणी अशी उत्पादिते दाखवलेली असतात. ते रूप घन पदार्थ एकत्र वितळवून केलेल्या अभिक्रियेला अधिक साजेसे आहे. पाण्यातील द्रावणात आयनाभोवती चार हायड्रॉक्साइड गट असलेले रूप लिहावे. दोन्ही समीकरणे संतुलित असली आणि प्रत्येकात संयुगाने आम्लाचे काम केले की आम्लारीचे, हे एका वाक्यात नोंदवले, की उत्तर पूर्ण होते.